बोलिंगचा हिशेब : रोखीचा की उधारीचा?

धंद्यात माप आधी ठरते, भाव नंतर. कापड मीटरवर, दूध लिटरवर, सोने ग्रॅमवर. करमणुकीच्या धंद्यात मात्र मापाचा विचार सहसा कोणी करीत नाही. बोलिंगचे केंद्र काढणारा जागेचे भाडे, लाकडी पट्ट्यांची किंमत, यंत्राची देखभाल, विजेचे बिल हे सर्व मांडतो. पण गिऱ्हाईक घरी जाताना काय घेऊन जाते, हे मांडायचे राहून जाते. ते एक आकडा घेऊन जाते. ‘आज माझे ६८ झाले’, ‘आज माझे १५५ झाले’. हा आकडा ज्या नियमाने तयार होतो, त्या नियमावर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

मोठ्या शहरांतील मॉलमध्ये बोलिंग आता नवे राहिलेले नाही. लहान शहरांतही गेम सेंटर काढण्याचा विचार करणारे व्यापारी बंधू आहेत. त्यांच्यासाठी आणि केवळ हौसेने खेळणाऱ्यांसाठीही या लेखात आम्ही बोलिंगमधील गुण मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती समजावून सांगत आहोत. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचल्यास अधिक बरे.

नेहमीची पद्धत : येणे बाकी

साठ फूट अंतरावर दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. एका डावात दहा फेऱ्या, म्हणजे दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये जास्तीत जास्त दोन चेंडू. दोन चेंडूंत मिळून सात पिना पडल्या तर सात गुण. इथपर्यंत लहान मुलालाही समजते.

गुंता पुढे सुरू होतो. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो स्ट्राइक. त्याचे गुण दहा, अधिक पुढच्या दोन चेंडूंत जे पडेल ते. दोन चेंडू मिळून दहा पडल्या तर तो स्पेअर. त्याचे गुण दहा, अधिक पुढच्या एका चेंडूत जे पडेल ते. शेवटच्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला तर हिशेब पुरा करण्यासाठी जादा चेंडू मिळतात. ओळीने बारा स्ट्राइक मारले तर तीनशे. त्यापुढे आकडा जात नाही.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा उधारीचा व्यवहार आहे. स्ट्राइक मारला तेव्हा माल दिला, पण पैसे हातात आले नाहीत. ते पुढच्या दोन चेंडूंवर वसूल होणार. पुढचे चेंडू चांगले गेले तर त्या एका स्ट्राइकचे तीस मिळतात. वाईट गेले तर दहा-बारावर समाधान मानावे लागते. म्हणूनच स्ट्राइकनंतर पडद्यावरचा रकाना काही वेळ रिकामा दिसतो आणि नवा खेळाडू विचारतो, ‘माझे गुण कुठे गेले?’ गुण गेलेले नसतात, येणे बाकी असतात.

एक डाव, दोन खतावण्या

आता एक डाव घेऊ. खेळणारा मध्यम ताकदीचा आहे. पहिल्या फ्रेममध्ये ९ आणि १, म्हणजे स्पेअर. दुसऱ्यात ७ आणि २. तिसऱ्यात स्ट्राइक. चौथ्यात ८ आणि १. पाचव्यात ६ आणि ४, पुन्हा स्पेअर. सहाव्यात ९ आणि शून्य. सातव्यात व आठव्यात स्ट्राइक. नवव्यात ७ आणि २. दहाव्यात ९ आणि १, आणि जादा चेंडूवर ८.

नेहमीच्या पद्धतीने फ्रेमवार गुण असे : १७, ९, १९, ९, १९, ९, २७, १९, ९ आणि १८. एकूण १५५.

तिसऱ्या फ्रेमचा स्ट्राइक १९ चा झाला, कारण त्यामागून आलेल्या दोन चेंडूंत नऊच पिना पडल्या. सातव्या फ्रेमचा स्ट्राइक २७ चा झाला, कारण त्याच्या मागे दुसरा स्ट्राइक उभा होता. दोन्ही वेळी चेंडू सारखाच चांगला होता. किंमत मात्र शेजाऱ्यावरून ठरली.

आता दुसरी पद्धत पाहू. तिला ‘करंट फ्रेम’ पद्धत म्हणतात. तीत स्ट्राइकचे सरळ ३० गुण, पुढे काहीही होवो. स्पेअरचे दहा, अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या चेंडूत पडलेल्या पिना. बाकी फ्रेमला पडल्या तेवढ्या. शेवटी जादा चेंडू नाही. दहा स्ट्राइक मारले की तीनशे. हा रोखीचा व्यवहार. माल दिला, पैसे घेतले, खाते बंद.

वरचाच डाव या पद्धतीने मांडा : १९, ९, ३०, ९, १६, ९, ३०, ३०, ९ आणि १९. एकूण १८०. चेंडू तेच, पिना त्याच. आकडा पंचवीसने वाढला.

ही पद्धत जागतिक महासंघाने पुढे आणली. तेव्हा त्याचे नाव ‘वर्ल्ड बोलिंग’ होते, आता ‘इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन’ आहे. हेतू असा, की प्रेक्षकाला दर फ्रेमनंतर कोण पुढे आहे ते लगेच कळावे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बोलिंग केवळ प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवला गेला होता. टोकियो ऑलिंपिकसाठी २०१५ मध्ये निवडलेल्या आठ खेळांच्या यादीत तो आला, पण अंतिम निवडीत गळाला. ज्या खेळाला नवा प्रेक्षक हवा, त्याला हिशेब सोपा करण्याचा मोह होणारच.

सोपेपणा कोणाच्या पदरात पडतो?

इथे व्यापाऱ्याने थांबून विचार करावा. सोपी पद्धत म्हणजे दुबळ्याच्या सोयीची पद्धत, असे सहज वाटते. आकडे वेगळे सांगतात.

समजा, एखाद्याने दहाही फ्रेममध्ये पहिल्या चेंडूत ९ पाडल्या आणि उरलेली एक प्रत्येक वेळी चुकवली. नेहमीच्या पद्धतीने ९० आणि करंट फ्रेमनेही ९०. दुसऱ्याने दहाही वेळा ९ आणि १ असा स्पेअर केला व जादा चेंडूत ९ पाडल्या. नेहमीच्या पद्धतीने १९०, करंट फ्रेमनेही १९०. दोघांनाही एका गुणाचा फायदा नाही.

तिसऱ्याने एक स्ट्राइक, एक स्पेअर असे आळीपाळीने शेवटपर्यंत केले. नेहमीच्या पद्धतीने त्याचे बरोबर २०० होतात. करंट फ्रेमने पाच स्ट्राइकचे १५० आणि ९-१ असे पाच स्पेअर धरले तर ९५; एकूण २४५. फायदा झाला तो सुटा-सुटा स्ट्राइक मारणाऱ्याचा. ज्याला कधीतरी स्ट्राइक लागतो पण ओळीने लागत नाही, त्याला ही पद्धत हात देते. ज्याला स्ट्राइक लागतच नाही, त्याला ती काहीच देत नाही. आणि ओळीने सहा स्ट्राइक मारणाऱ्या कसलेल्या खेळाडूचे सातत्य ती मोजतच नाही. जुने खेळाडू तिच्यावर नाराज असतात ते याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे हिशेबाने खरे आहे.

म्हणून ‘कोणती पद्धत चांगली?’ असे न विचारता ‘आपल्याकडे येणारे गिऱ्हाईक कोणते?’ असे विचारावे.

नऊ म्हणजे दहा

अमेरिकेतील केंद्रांत ‘नऊ पिन नो-टॅप’ नावाचा प्रकार फार चालतो. पहिल्या चेंडूत नऊ पडल्या तरी स्ट्राइक धरायचा. बाकी सारा हिशेब नेहमीचा. एक पिन डुलून तशीच उभी राहते तेव्हा होणारी हळहळ यात संपते. वरच्या डावाच्या पहिल्या नऊ फ्रेम या पद्धतीने मांडल्या तर १३७ चे १६१ होतात. करंट फ्रेमनेही नऊ फ्रेमअखेर १६१ च होतात, पण वेगळ्या वाटेने. एकीकडे स्ट्राइकची किंमत वाढवली, दुसरीकडे स्ट्राइकची संख्या वाढवली. दुकानदार भाव कमी करतो किंवा त्याच भावात माल जास्त देतो, तसाच हा फरक.

मात्र लक्षात घ्या. वर ज्याने दहाही वेळा नऊ पाडून नव्वद केले, त्याला या पद्धतीत जादा चेंडूंवरही नऊ-नऊ पडल्या तर थेट तीनशे मिळतात! आणि ज्याच्या पहिल्या चेंडूत सहा-सात पिना पडतात, त्या नवख्याला इथेही काही मिळत नाही. सवलत मध्यम खेळाडूपर्यंत पोचते, अगदी नव्यापर्यंत पोचत नाही.

‘तीन-सहा-नऊ’ हा प्रकार नव्यापर्यंत पोचतो. तिसऱ्या, सहाव्या व नवव्या फ्रेमला सर्वांना स्ट्राइक आपोआप दिला जातो. आजी आणि नातू दोघांच्या खात्यात तीन स्ट्राइक जमा. कुटुंबाने एकत्र खेळायला आलेल्यांसाठी हा प्रकार चांगला.

‘लो बॉल’ हा प्रकार याच्या अगदी उलट. त्यात कमीत कमी पिना पाडायच्या, पण प्रत्येक चेंडूत एक तरी पडलीच पाहिजे. चेंडू बाजूच्या गटारात गेला तर बहुतेक ठिकाणी दंड म्हणून स्ट्राइकचे गुण चढतात. उत्तम डाव वीस गुणांचा : वीस चेंडू, प्रत्येकी एक पिन. कोपऱ्यातील पिनेला अचूक हात लावावा लागतो. जोर असलेल्या तरुणाची इथे फजिती होते आणि नेम असलेला जिंकतो.

भिडू वाटून घेणे

दुसरी वाट अशी, की गुणांचा नियम तोच ठेवायचा आणि डाव माणसांत वाटायचा. ‘बेकर’ पद्धतीत पाच जण मिळून एकच डाव खेळतात. पहिला खेळाडू पहिली व सहावी फ्रेम टाकतो, दुसरा दुसरी व सातवी, आणि पाचवा पाचवी व दहावी. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचे पदाधिकारी फ्रँक बेकर यांच्यावरून हे नाव पडले. यात दुबळ्या खेळाडूच्या वाट्याला दोनच फ्रेम येतात. त्याची चूक सर्वांच्या खात्यात मिसळते, पण त्याचा एक स्ट्राइकही सर्वांच्या उपयोगी पडतो. एरवी आपला भिडू खेळताना लोक फोन पाहत बसतात. बेकरमध्ये सगळे उभे राहून ओरडतात.

व्यापाऱ्याने वेळही मोजावा. पाच जण प्रत्येकी एक डाव खेळले तर पन्नास फ्रेम. बेकरच्या एका डावात दहा. गर्दीच्या दिवशी रांग हलते. पण माणशी डावाला पैसे घेण्याची पद्धत असेल तर दर वेगळा ठरवावा लागेल, नाहीतर गल्ल्यात खड्डा पडेल.

‘स्कॉच डबल्स’मध्ये दोघे जोडीदार. पहिला चेंडू एकाने टाकायचा, उरलेल्या पिना दुसऱ्याने पाडायच्या. बापलेक, भाऊभाऊ, नवरा-बायको यांच्यासाठी हा प्रकार छान.

आणि सर्वांत जुना, सर्वांत न्याय्य उपाय म्हणजे हँडिकॅप. समजा, २०० हा आधार धरला आणि खेळाडूची सरासरी त्याहून जितकी कमी, त्याच्या ९० टक्के गुण त्याला आधीच दिले. सरासरी ११० असेल तर ८१ मिळतात. सरासरी १६० असेल तर ३६. दोघेही आपापल्या सरासरीइतके खेळले तर १९१ विरुद्ध १९६. चांगल्या खेळाडूचा वरचष्मा राहिला, पण सामना सामना झाला. यात एकच अट : सरासरीची वही खरी असली पाहिजे. मुद्दाम वाईट खेळून सरासरी पाडणारे सगळीकडे असतात. म्हणून ठरावीक डाव झाल्याशिवाय हँडिकॅप देऊ नये.

दोन जुनी उदाहरणे

गिऱ्हाईकाकडे पाहून माप बदलण्याची गोष्ट आजची नाही. कॅनडात टोरांटो येथे टॉमस रायन यांचे बोलिंग क्लब होते. दहा पिनांचा खेळ आणि त्याचा जड चेंडू दमवतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. रायन यांनी १९०९ च्या सुमारास पिना पाचच ठेवल्या, त्या लहान केल्या आणि हातात मावेल असा, भोके नसलेला हलका चेंडू दिला. फ्रेमला तीन चेंडू. पुढे गुणांची जी पद्धत रूढ झाली तीत प्रत्येक पिनेची किंमत वेगळी आहे : मधलीला ५, तिच्या दोन्ही बाजूंना ३-३, कडेच्यांना २-२, एकूण १५. पूर्ण डाव ४५० चा. हा खेळ कॅनडात आजही खेळला जातो. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘सराव करा’ असे न सांगता रायन यांनी खेळच त्याच्या हाताएवढा केला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे. वुस्टर शहरात १८८० मध्ये कँडलपिन हा प्रकार सुरू झाला. बारीक मेणबत्तीसारख्या पिना, लहान चेंडू, फ्रेमला तीन चेंडू. आणि पडलेल्या पिना मधे उचलत नाहीत. यातही तीनशे शक्य आहेत, पण आजवर कोणी केलेले नाहीत. विक्रम २४५ चा आहे. म्हणजे या प्रकारात कोणालाच मोठा आकडा मिळत नाही, तरी त्या भागात तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला. का? कारण सगळ्यांचेच आकडे लहान असतात आणि तिथल्या खेळणाऱ्यांना त्याचा अभिमान आहे. आकडा मोठा असला म्हणजेच गिऱ्हाईक खूश, असे समजू नये. आकडा खरा आणि सर्वांना सारखा असावा लागतो.

लीग गेल्या, तेव्हा काय गेले?

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ मध्ये एक निबंध लिहिला. पुढे २००० मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्यात त्यांनी दाखवले, की १९८० ते १९९३ या काळात बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी वाढली, पण लीगमध्ये, म्हणजे बांधलेल्या संघांत दर आठवड्याला खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. केंद्रमालकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वाक्य पुढे आहे : लीगमधला माणूस खाण्यापिण्यावर एकट्यादुकट्याच्या तिप्पट खर्च करतो, आणि नफा तिथेच असतो.

म्हणजे गिऱ्हाईक वाढले आणि धंदा पातळ झाला! आपल्याकडे मॉलमधले बोलिंग पहिल्यापासूनच एकट्यादुकट्याचे आहे. वाढदिवस आला, खेळले, फोटो काढला, गेले. वर्षभर दर मंगळवारी येणारे पाच जण कसे तयार होतील, हा खरा प्रश्न आहे. वर सांगितलेल्या पद्धतींचा उपयोग इथे आहे. पहिल्या भेटीत तीन-सहा-नऊ, मित्रमंडळी आली की बेकर, तीच मंडळी महिनाभर आली की सरासरीची वही आणि हँडिकॅप, आणि ज्याला गोडी लागली त्याला नेहमीची पद्धत. ही पायरी-पायरीची शिडी आहे. गुण मोजणाऱ्या संगणकात यातील बरेच प्रकार आधीच भरलेले असतात. यंत्र घेताना विक्रेत्याकडून ते चालवून दाखवून घ्यावेत.

मापात पाप नको

शेवटी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली : वह्या मिसळू नका. नो-टॅपचे २२० आणि नेहमीचे २२० एकाच फळ्यावर लावले, की कष्ट करून नेहमीचे २२० केलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही. अमेरिकेत दोरीला बांधलेल्या पिनांची यंत्रे आली. ती स्वस्त पडतात, पण पिना वेगळ्या पडतात. तिथल्या ‘युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस’ने २०२३ पासून अशा खेळाला मान्यता दिली ती स्वतंत्र प्रकार म्हणून. दोन्ही प्रकार चालतील, पण खाती वेगळी, हे धोरण शहाणपणाचे आहे. आपल्या फळ्यावर प्रत्येक आकड्यापुढे पद्धतीचे नाव लिहावे. खेळ सुरू होण्यापूर्वीच कोणती पद्धत लावली आहे, ते गिऱ्हाइकाला सांगावे. कमी माप देणे जसे वाईट, तसे खोटे फुगवलेले मापही वाईटच.

दुसरी : बक्षीस कुठून द्यायचे? खेळणाऱ्यांकडून पैसे जमवायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, असा प्रकार काही ठिकाणी रंगत वाढवण्यासाठी चालतो. त्या वाटेला जाऊ नये. तो जुगाराच्या उंबरठ्यावरचा व्यवहार आहे. आमच्या वाचकांना त्याचे वेगळे स्पष्टीकरण नको, आणि कायद्याची कटकट निराळीच. मालकाने आपल्या नफ्यातून ढाल, पेला किंवा पुढच्या महिन्याचे दोन डाव मोफत द्यावेत. खेळायचे पैसे खेळण्यापुरते घ्यावेत.

ज्यांच्या जवळपास बोलिंगचे केंद्र आहे त्यांनी पुढच्या वेळी पडद्यावरचा आकडा नुसता पाहू नये. आपल्या डावाचे सर्व चेंडू कागदावर टिपून घ्यावेत आणि घरी बसून तोच डाव नेहमीच्या, करंट फ्रेमच्या आणि नो-टॅपच्या पद्धतीने मांडून पाहावा. नो-टॅपपुरत्या पहिल्या नऊ फ्रेमच धराव्यात, कारण दहाव्या फ्रेमचे जादा चेंडू तिथे वेगळे पडतात. आणि केंद्र काढू पाहणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या नव्हे, तर खेळात सर्वांत कच्च्या असलेल्या घरच्या माणसाच्या डावावर करावा. त्याला कोणत्या पद्धतीने पुन्हा खेळावेसे वाटेल, याचे उत्तर मिळाल्याशिवाय यंत्राची इसारत देऊ नये.